शनिवारची पोळी आणि काळीचं लाइपेज

फोनमधला फोटो हवा तिथे कापता येतो, हे मला पन्नाशी उलटल्यावर कळलं. नवीन विद्या आली की माणूस ती जिथे तिथे वापरून बघतो. त्या सोमवारी सकाळी मी आमच्या कुत्रीच्या रक्ताच्या रिपोर्टचा फोटो काढला, वरचा भाग सुबक कापला आणि बायकोच्या माहेरच्या ग्रुपवर टाकला. 'श्वान, मादी' असं छापलेलं होतं ते नेमकं त्या वरच्या भागातच. खाली उरले नुसते आकडे. त्याखाली मी लिहिलं, 'दादा, जरा बघा. काळजी वाटते.'

दादा म्हणजे बायकोचा थोरला भाऊ; ती धाकटी असली तरी तो तिला लाडानं ताईच म्हणतो. अकोल्याला डॉक्टर आहे. माणसांचा.

मग मी शांतपणे आंघोळीला गेलो.

बाहेर आलो तर फोन थरथरत टेबलाच्या काठापर्यंत आला होता. सासूबाईंचे कॉल, मेहुणीचे कॉल, आणि आत्ता वाजत होता तो दादाचा.

"पाहुणे, ताई जवळ आहे का?"

"नाही, आत आहे."

"बरं झालं. आता मला खरं सांगा. किती घेता?"

"काय घेतो?"

"मी डॉक्टर आहे, पाहुणे. माझ्यापासून काय लपवायचं? एवढं लाइपेज मी आजवर कुणाचं बघितलं नाही. स्वादुपिंड सुजलंय तुमचं. रोजची सवय आहे का?"

"अहो दादा, मी चहासुद्धा अर्धा कप घेतो."

"पोटात दुखतं?"

"मला नाही. तिला दुखतं."

"तिला म्हणजे? ताईला?"

"काळीला."

मग दादा अगदी हळू आवाजात म्हणाला, "कुत्रीचा रिपोर्ट आहे हा?"

"हो."

"पाहुणे, कुत्र्याचे आकडे मुळातच माणसापेक्षा वेगळे असतात. त्यातलं मला काही कळत नाही. जनावरांच्या डॉक्टरला दाखवा."

"त्यांनीच तर काढायला लावला."

"मग मला कशाला पाठवला?"

घरातल्या कुणीतरी डॉक्टरानं 'काही नाही, होईल बरी' एवढं म्हणावं, इतकीच माझी इच्छा होती. सासूबाईंना मी सगळा खुलासा केला. त्या म्हणाल्या, "कुत्रीचा होय? मग ठीक आहे." पण फोन ठेवताना बायकोला हळूच म्हणाल्या, "तरी लक्ष असू दे गं." हे मला बायकोनंच सांगितलं, हसत हसत. त्या दोन दिवसांत ती हसली ती तेवढीच.

काळी कोण, हे सांगायला थोडं मागे जावं लागेल.

माझी रेल्वेची नोकरी. भुसावळहून जयपूरला बदली झाली आणि आम्ही तिथल्या मानसरोवर भागात तळमजल्याचं भाड्याचं घर घेतलं. मी सकाळी ऑफिसात जायचो, तिथे फाइली होत्या, माणसं होती, चहा होता. बायकोला घरात भिंती होत्या. तिचं हिंदी त्या वेळी अकोल्याच्या बाजारापुरतं होतं. भाजीवाल्याला ती म्हणायची, "भैया, जरा ताजी वाली देना ना बाप्पा." भाजीवाला बिचारा विचारात पडायचा. शेजारणी गोड होत्या, पण नमस्तेच्या पुढे गाडी सरकत नव्हती. संध्याकाळी मी विचारायचो, "आज कुणाशी बोललीस?" ती म्हणायची, "तुमच्याशी बोलतेय की."

अशात एक दिवस भाजीच्या गाड्याखाली तिला एक पिल्लू सापडलं. पायापासून शेपटीपर्यंत काळंभोर, कुठे पांढरा ठिपका नाही. आम्ही तिचं एक चांगलं मराठी नाव ठेवलं होतं, पण गल्लीनं ते मानलंच नाही. सगळे तिला काली म्हणायला लागले आणि मग आम्हीही काळी म्हणू लागलो.

ती जरा मोठी झाल्यावर एका शनिवारी सकाळी शेजारच्या भाभीजी फाटकाशी आल्या. डोक्यावर पदर, हातात स्टीलची ताटली, त्यात मोहरीच्या तेलानं निथळणारी एक पोळी आणि गुळाचा खडा. म्हणाल्या, "भाभीजी, आपकी काली को खिला दूँ? शनिवार है ना."

शनीचा त्रास कमी व्हावा म्हणून शनिवारी काळ्या कुत्र्याला तेलाची पोळी घालतात, हे आम्हाला तेव्हा कळलं. आमच्या गल्लीतली बाकीची कुत्री सगळी तांबडी नाहीतर कबरी. अस्सल काळी एकटी आमची. भाभीजींचा मुलगा सरकारी नोकरीच्या परीक्षा देत होता, गोपालपुऱ्याच्या क्लासात दिवसभर बसत होता, आणि यश दर वेळी एका बोटाच्या अंतरावरून निसटत होतं. त्यांना शनीची खात्री होती आणि शनीपर्यंत जायचा रस्ता आमच्या फाटकातून होता.

बायकोनं फाटक सताड उघडलं. "या ना. मतलब, आइए!"

त्यानंतर दर शनिवारी आमच्या फाटकाशी छोटी जत्राच भरायची. प्रत्येक घरातून एक ताटली. पोळी काळीला, आणि मग अर्धा तास गप्पा बायकोशी. तिचं हिंदी त्या फाटकात वाढलं. बेसनाच्या गट्ट्यांची भाजी तिथेच शिकली, पुरणपोळी तिथेच शिकवली. तिचा हात मोडला तेव्हा प्लास्टर निघेपर्यंत आमच्या घरी चूल पेटली नाही, कारण शनिवारवाल्यांनी डबे सोडलेच नाहीत. मला तर गल्लीत नावच उरलं नाही. मी 'कालीवाले भाईसाहब'. रेल्वेतली माझी सगळी सेवाज्येष्ठता त्या कुत्रीच्या शेपटीला बांधलेली.

काळी गोल होत गेली. मी अभिमानानं म्हणायचो, "राजस्थानचं हवापाणी मानवलं हिला." शनिवार उजाडला की गल्लीभर मोहरीचं तेल तापल्याचा वास सुटायचा आणि काळी न बोलावता फाटकाशी जाऊन बसायची, ऑफिस उघडायच्या आधी खिडकीशी बसलेल्या कारकुनासारखी.

त्या आठवड्यात शनिवारीच अमावास्या आली. गर्दी दुप्पट. कुणी पोळीऐवजी पुरीच आणली. मी ऐसपैस खुर्ची टाकून पाहुणचार बघत बसलो होतो.

रविवारी सकाळी मला काळी देवघरासमोर दिसली. पुढचे पाय लांब पसरलेले, छाती जमिनीला टेकलेली, मागचा भाग वर. मी बायकोला हाक मारली. "अगं, ये लवकर! नमस्कार करतेय बघ. कालच्या अमावास्येचा प्रभाव!" आणि मी फोटोही काढला.

बायको आली, खाली बसली, काळीच्या तोंडाकडे बघितलं. "नमस्कार नाही करत ती," ती म्हणाली. "तिचे डोळे बघा."

मग काळी ओकली. पाणी दिलं तर तेही ओकली. जुन्या चादरीत गुंडाळून तिला आम्ही स्कूटरवरून डॉक्टरकडे नेलं. बायको मागे काळीला मांडीवर घेऊन बसली होती, आणि गतिरोधक आला की दोघींचंही एकदम कण्हणं ऐकू यायचं.

जनावरांचे डॉक्टर चाळिशीचे, मूळचे जयपूरजवळच्या सांगानेरचे. त्यांनी पोट दाबलं तर आयुष्यात कधी न गुरगुरलेली काळी गुरगुरली. ती पुढे वाकून उभी राहते हे सांगितल्यावर ते म्हणाले, पोटात फार दुखत असलं की कुत्री असं करतात. मी फोनवरचा फोटो त्यांना दाखवला नाही. त्यांनी रक्त काढलं, सलाइन लावलं, उलटीचं आणि दुखण्याचं इंजेक्शन दिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी रिपोर्ट हातात आला, आणि त्या रिपोर्टचं मी काय केलं ते वर सांगितलंच आहे.

दुपारी सलाइन चालू असताना डॉक्टरांनी आम्हाला तो समजावून सांगितला. ते बोलले हिंदीत, मी आठवेल तसं मराठीत लिहितोय.

"आमच्या सांगानेरला कापड छापतात. लहानपणी आम्ही नाल्याकडे बघून सांगायचो, आज कुठल्या कारखान्यात कुठला रंग आहे. नाल्यात लाल आलं की समजायचं, कुठेतरी लाल रंगाची टाकी गळतेय. रक्त म्हणजे तो नाला समजा. हे लाइपेज स्वादुपिंडात तयार होतं. आतड्यात जाऊन चरबी पचवायची, हे त्याचं काम. रक्तात ते थोडंसंच असतं. स्वादुपिंड सुजलं, त्याच्या पेशी फुटल्या, की ते नाल्यात उतरतं. आणि आतले पाचक रस आतड्यात पोचायच्या आधीच जागे झाले की अन्नाऐवजी स्वादुपिंडालाच पचवायला लागतात. म्हणून एवढं दुखतं."

बायकोनं खालच्या ओळीवर बोट ठेवलं. "आणि हे? हेही वाढलंय."

"ते यकृताच्या बाजूचं. अल्कलाइन फॉस्फेटेज. पित्ताची नळी स्वादुपिंडाला लागून जाते. सूज आली की ती दाबली जाते आणि मग तिकडचा आकडाही चढतो. एका घरात आग लागली की शेजारच्यालाही धग लागतेच."

"पण वाचेल ना?"

"आकडा एवढंच सांगतो की गळती आहे. वाचेल का ते तो सांगत नाही. ते हीच सांगेल. खायला लागली, की समजा सुटलो." मग त्यांनी पेन उघडलं. "काय खाल्लं होतं तिनं?"

"दहीभात," बायको म्हणाली.

"दूधपोळी," मी म्हणालो.

"और?"

आम्ही एकमेकांकडे बघितलं. शेवटी बायको म्हणाली, "शनिवारी थोडी पोळी."

"सूखी?"

"तेलवाली."

"कितनी?"

मी छताच्या पंख्याकडे बघायला लागलो. बायको म्हणाली, "गल्लीत जितकी घरं, तितक्या."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. काळीकडे बघितलं, तिच्या रंगाकडे बघितलं, आणि मान हलवली. "रविवारी माझ्याकडे काळेच कुत्रे जास्त येतात," ते म्हणाले. "आता तेलाचा एक थेंबही नाही. तूप नाही, साय नाही. एकदा सुजलेलं स्वादुपिंड पुन्हा लवकर सुजतं. पुढच्या वेळी नाला बघायला वेळ मिळेलच असं नाही."

घरी येताना बायकोनं काळीला मांडीवर घट्ट धरलं होतं. कुलूप उघडताना म्हणाली, "मी सांगू कसं त्यांना?"

तिचा प्रश्न मला कळत होता. भाभीजींची पोळी नाकारायची म्हणजे त्यांच्या मुलाचा शनी त्यांच्या ताटलीत परत पाठवायचा. आणि 'तुमच्या पुण्यानं आमची कुत्री मरायला टेकली' हे ज्यांच्या डब्यांवर आपण जेवलो त्यांना कुठल्या तोंडानं सांगायचं? फाटक बंद केलं तर काळी वाचणार होती, पण बायको पुन्हा भिंतींशी बोलायला लागणार होती.

"मी सांगतो," मी छाती पुढे काढून म्हणालो. "शनिवारी मी उभा राहतो फाटकाशी. तू काळजी करू नकोस."

ती माझ्याकडे बघत राहिली. नवऱ्यावर विश्वास ठेवायचा की सवयीप्रमाणे काळजीच करायची, असा तो चेहरा होता.

आठवडाभर रोज सलाइन. काळी कोपऱ्यात पडून राहायची, सलाइनसाठी पायाचे केस काढलेले, त्यामुळे एक पाय दुसऱ्या कुणाचा वाटायचा. बायको मऊ भाताचं पाणी बोटावर घेऊन तिच्या ओठाला लावायची. "खा गं माझी माय. एवढंसं खा." काळी तोंड फिरवायची, पण शेपटी एकदा आपटायची, म्हणजे 'तुझ्यावर राग नाही' असं. दादाही आता रोज फोन करू लागला होता. माझ्या रिपोर्टमुळे त्याची झोप उडाली होती, ती त्यानं कुत्र्यांच्या रक्ताविषयी वाचण्यात सत्कारणी लावली. "पाहुणे, कुत्र्याचं ते फॉस्फेटेज फार हळवं असतं म्हणे. स्टिरॉइड दिलं तरी चढतं. माणसांत असं नसतं. मजाच आहे." मग जरा थांबून, "खाल्लं का तिनं?"

गुरुवारी दुपारी तिनं खाल्लं. भात आणि उकडलेला दुधी, चमचाभर. बायकोनं मला ऑफिसात फोन केला आणि तो काळीच्या वाटीपाशी धरला. नुसता चाटण्याचा आवाज ऐकवला.

आणि मग शनिवार आला.

मी आरशासमोर वाक्य पाठ केलं होतं. 'बहनजी, डॉक्टर ने तेल मना किया है, कृपया बुरा न मानें.' रेल्वेच्या घोषणेसारखं स्पष्ट. काळीला मागच्या खोलीत ठेवलं, बायको तिच्याजवळ बसली, आणि मी फाटकाशी उभा राहिलो. पहिल्याच आल्या भाभीजी. डोळ्यांखाली काळं, हातात ताटली.

"भाईसाहब, आज लड़के का इंटरव्यू है," त्या म्हणाल्या. "काली कहाँ है?"

पाठ केलेलं वाक्य सोडून मी हात पुढे केले. "लाइए," मी म्हणालो. "मैं खिला दूँगा."

एकीला हो म्हटल्यावर दुसरीला नाही म्हणायचं कसं? थोड्याच वेळात स्वयंपाकघराच्या ओट्यावर तेलाच्या पोळ्यांची चळत उभी राहिली. मागच्या खोलीत काळी दार ओरबाडत होती. अन्न फेकवत नाही. बाहेर दुसऱ्या कुत्र्याला घालावं तर गल्लीतल्या सगळ्या गॅलऱ्यांना डोळे. मी ओट्याशी उभा राहून विचार करू लागलो. विचार करताना मला भूक लागते. एक पोळी मी लोणच्याशी खाल्ली. मोहरीचं तेल, वर गूळ. खोटं कशाला बोलू, काळीचं चुकत नव्हतं. मी दुसरी घेतली.

"भाईसाहब!"

भाभीजी मागच्या दारानं आत आल्या होत्या, रोजच्यासारख्या, ताटली न्यायला. माझ्या तोंडात घास, हातात शनीची अर्धी पोळी.

"ये तो शनि महाराज की थी! आपने खा ली?"

मला ना गिळता येईना ना बोलता येईना. तेवढ्यात बायको आली. तिनं माझ्याकडे बघितलं, चळतीकडे बघितलं, आणि आठवडाभर जे तिला सांगता येत नव्हतं ते एका दमात सांगून टाकलं. "भाभीजी, काली बीमार है. बहुत बीमार. तेलानं तिचं आतलं सगळं सुजलंय, मतलब, लाइपेज चढ़ गया है. डॉक्टरने बोला एक बूँद भी नहीं. मैं बोलनेवाली थी, पण आपके लड़के का... और आप लोगों के सिवा मेरा इधर है कौन?" आणि तिला रडू फुटलं.

भाभीजींनी ताटली खाली ठेवली. त्या तशाच मागच्या खोलीत गेल्या, काळीजवळ उकिडव्या बसल्या. काळीनं त्यांच्या हाताचा वास घेतला आणि तेलाचा वास येतो म्हणून आशेनं चाटायला लागली. त्यांनी हात पदराला घसाघसा पुसला. तिच्या केस काढलेल्या पायावरून बोट फिरवलं. "हमने किया ये?"

"नाही हो. हम सबने," बायको म्हणाली.

मी घास गिळून घेतला. भाभीजी एकदम उठल्या आणि बायकोवर कडाडल्या. "पागल है क्या? पहले बोलना था ना! बेज़ुबान को तड़पाके कौन सा शनि मानेगा? मेरे लड़के को इसकी आह लगवाएगी?" असं म्हणत त्यांनी बायकोला जवळ ओढलं आणि पदरानं तिचे डोळे पुसले. पदराला तेल लागलेलं होतं, त्यामुळे डोळे आणखीच वाहू लागले. "सुन. तेल दीये में जाएगा, पीपल के नीचे. रोटी सूखी आएगी. वो भी छोटी. मैं बोलती हूँ सबको."

दारात त्या माझ्याकडे वळल्या. "आपने कितनी खाई?"

"दोन," मी म्हणालो. "मतलब, दो."

"किस किसकी?"

ते मला सांगता येईना. त्यांनी हताशपणे हात वर केले. "अब आधी गली का शनि आपके पेट में है, भाईसाहब."

बायको हसली. डोळे लाल, नाक लाल, पण हसली.

पुढच्या शनिवारी ताटल्या आल्या. प्रत्येकीत कोरडा फुलका, पुरीएवढा. काळीच्या वाट्याला डॉक्टरांना विचारून त्यातले दोनच तुकडे यायचे, बाकीचे तिच्या डोक्यावरून ओवाळून गाईला. गप्पा मात्र पूर्वीसारख्याच, उलट जास्त. कारण आता विषय होता. "भाभीजी, लाइपेज उतरा?" "कल फिर जाँच है?" बाळंतपणाला माहेरी आलेल्या लेकीची चौकशी करावी तशी गल्ली त्या लाइपेजची चौकशी करायची. मुलाचा इंटरव्ह्यू चांगला झाला. त्याचं श्रेय कुणाला द्यायचं ते भाभीजींनी अजून ठरवलेलं नाही, पण मध्यंतरी एका शनिवारी त्या मला हळूच विचारून गेल्या, "भाईसाहब, एक तेलवाली आपके लिए बना दूँ?"

काळीचं रक्त पुन्हा तपासलं. लाइपेज खाली आलं होतं, शेजारचा तो दुसरा आकडाही निवला होता. डॉक्टर म्हणाले, "नाला साफ." मी घरी येऊन रिपोर्टचा फोटो काढला, पुन्हा माहेरच्या ग्रुपवर टाकायला. कापायला बोट पुढे केलं तेवढ्यात बायको मागे येऊन उभी राहिली. काळी तिच्या पायाशी, कोरड्या फुलक्याचा तुकडा चघळत.

"टाका ना," ती म्हणाली. "पण आधी वर लिहा, कुत्रीचा रिपोर्ट म्हणून. नाहीतर आई गावभर सांगेल, जावयानं दारू सोडली."